चंद्रावरच्या गाड्यांना बिनतारी वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांत किंवा आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत चांद्रयान-३ बद्दल बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो: प्रज्ञान, म्हणजे त्यातला रोव्हर (चंद्रावर फिरणारी छोटी गाडी), पुन्हा जागा का झाला नाही? त्याचं उत्तर देता देता विषय विजेवर येतो आणि मग प्रश्नांची रीघ लागते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडेमोड केली आहे तिथे ती उघडपणे मांडली आहे, म्हणजे कुणालाही कागद-पेन घेऊन पडताळता येईल.

प्रज्ञान पुन्हा जागा का झाला नाही?

रात्रीमुळे. चंद्रावर एखाद्या जागी सूर्य उगवला की आपले सुमारे चौदा दिवस तो मावळत नाही, आणि मावळला की जवळपास तेवढेच दिवस उगवत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानला घेऊन विक्रम हा लँडर (उतरणारं यान) उतरला तेव्हा तिथे सकाळ होती. २६ किलो वजनाचा प्रज्ञान ५० वॅटच्या सौर पॅनेलवर चालायचा. तो शंभर मीटरहून थोडा जास्त फिरला, मातीत गंधक असल्याचं त्यानं दाखवलं आणि २ सप्टेंबरला त्याला झोपवलं. बॅटरी पूर्ण भरलेली होती, पॅनेल पुढच्या सूर्योदयाच्या दिशेनं वळवलेलं होतं, रिसीव्हर चालू ठेवला होता. रात्री तिथलं तापमान उणे १५० अंशांच्याही खाली जातं. एवढ्या थंडीत लिथियम बॅटरीतला द्रव गोठतो, वेगवेगळे धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि सर्किटवरचे डाख तडकू शकतात. २२ सप्टेंबरला हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही.

प्रज्ञानची रचना एकाच चांद्रदिवसासाठी होती आणि ते काम त्यानं पूर्ण केलं. त्यामुळे याला अपयश म्हणणं चूक आहे. तरी मला दरवेळी हळहळ वाटते. त्या रात्री त्याला चालण्यासाठी वीज नकोच होती. पोटातली बॅटरी आणि सर्किटं गोठू नयेत इतपत, म्हणजे काही वॅटची ऊब मिळाली असती, तर निदान संधी होती. बिनतारी विजेचा सगळा खटाटोप या काही वॅटपासून सुरू होतो.

बिनतारी वीज म्हणजे नेमकी कोणती?

तीन वेगळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो आणि घोळ तिथेच होतो. पहिली पद्धत मोबाइलच्या बिनतारी चार्जरची: एका गुंडाळीतून बदलता प्रवाह सोडायचा, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे समोरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते. ही काही सेंटिमीटरपुरतीच चालते. दुसरी मायक्रोवेव्हची: तबकडीतून लहरी सोडायच्या आणि समोर अँटेनांच्या जाळीवर झेलून त्यांची पुन्हा वीज करायची. तिसरी लेझरची: प्रकाशाचा बारीक झोत लांबवरच्या सौर पॅनेलसारख्या पट्टीवर टाकायचा. शेवटच्या दोन्ही किलोमीटरांची मजल मारू शकतात.

गाडी चार्जिंगसाठी लँडरपाशी येणारच असेल, तर सरळ प्लग का लावत नाहीत?

धुळीमुळे. चांद्रधूळ आपल्या अंगणातल्या धुळीसारखी नसते. पृथ्वीवर वारा आणि पाणी वाळूचे कण घासून गोलसर करतात. चंद्रावर दोन्ही नाहीत. अब्जावधी वर्षं उल्कांचे मार खाऊन खडकांचा जो भुगा झाला आहे त्याचे कण फुटलेल्या काचेसारखे धारदार आहेत. उन्हामुळे आणि सौरवाऱ्यामुळे (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे) त्यांच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि ते सगळ्याला चिकटतात.

याचा फटका खरोखर बसलेला आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या गाडीच्या चाकावरचा मडगार्ड तुटला आणि धुळीचे फवारे अंगावर, उपकरणांवर उडायला लागले. अंतराळवीरांनी नकाशांचे कागद चिकटपट्टीनं जोडून मडगार्ड बनवला आणि क्लॅम्प लावून बसवला. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाच्या लुनोखोद-२ या गाडीचं झाकण विवराच्या कडेला घासलं आणि त्यावर माती पडली. सौर पॅनेल त्या झाकणाच्या आतल्या बाजूला होतं. रात्रीसाठी झाकण मिटलं तेव्हा ती माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर सांडली. पुढच्या दिवशी गाडी तापत गेली आणि बंद पडली. ३९ किलोमीटर चाललेली गाडी मूठभर मातीनं थांबवली.

आता अशा जागी धातूच्या पिना उघड्या असलेला प्लग कल्पून बघा. दोन पिनांच्या मध्ये कण अडकला की जोड कच्चा राहतो, तापतो, ठिणगी पडते. शिवाय तो प्लग लावायला माणूस नसतो, यंत्राचा हात लागतो, आणि त्याच्या सांध्यांतही तीच धूळ. गुंडाळ्यांच्या पद्धतीत मात्र दोन्ही बाजू बंद डब्यात राहतात. गाडी येऊन नुसती शेजारी उभी राहिली की झालं. मधे धुळीचा थर असला तरी चुंबकीय क्षेत्राला त्याची फारशी अडचण होत नाही. म्हणूनच २०२० मध्ये नासानं ॲस्ट्रोबोटिक या कंपनीला अशाच चार्जरसाठी निधी दिला. तिच्याबरोबर वायबोटिक, बॉश आणि वॉशिंग्टन विद्यापीठ होते. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते क्यूबरोव्हरसारखे छोटे रोव्हर, ज्यांच्यात रात्र काढण्याइतकी मोठी बॅटरी मावतच नाही.

हेच तत्त्व आपल्याकडेही आलं आहे. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेनं सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राबरोबर विजेवरच्या गाड्यांसाठी १.५ किलोवॅटचा बिनतारी चार्जर विकसित केला आहे. तो चंद्रासाठी नाही, पण दोन गुंडाळ्यांमधलं अंतर आणि त्या नीट समोरासमोर येणं हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत.

मग एवढं पुरे नाही का? लेझर कशाला?

लँडरच्या आसपास फिरायचं असेल तर पुरे. पण आपल्याला जिथे जायचं आहे तिथे ऊनच पोचत नाही.

चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला आहे. त्यामुळे ध्रुवांवर सूर्य कायम क्षितिजालगत फिरतो आणि खोल विवरांच्या तळाला अब्जावधी वर्षांत ऊन लागलेलं नाही. तिथलं तापमान काही ठिकाणी उणे २४० अंशांच्याही खाली आहे. या गारठ्यात पाण्याचा बर्फ टिकून राहतो. चंद्रावर पाण्याच्या खुणा आहेत हे जगाला पटवण्यात आपल्या चांद्रयान-१ चा वाटा मोठा आहे. त्यावरच्या नासाच्या एमथ्री उपकरणानं २००९ मध्ये त्या नोंदवल्या. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला नासाच्या एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबिअस विवरात आदळवला, तेव्हा उडालेल्या मातीत पाणी सापडलं. वजनाच्या हिशेबानं सुमारे साडेपाच टक्के.

तो बर्फ खणून बघायचा तर गाडीनं अंधारात उतरायला हवं, आणि अंधारात सौर पॅनेल म्हणजे नुसतं ओझं. बॅटरीवर उतरलं तर अर्धी बॅटरी परत वर येण्यासाठी राखून ठेवावी लागते. चमत्कार असा की दक्षिण ध्रुवावरच्या शॅकल्टनसारख्या विवराचा तळ कायम काळोखात असतो, पण त्याच्या काठावरच्या काही उंच जागांना वर्षातला बराचसा काळ ऊन असतं. ऊन वर, काम खाली, मधे काही किलोमीटर. या भूगोलाकडे पाहिलं की लेझर का सुचला हे वेगळं सांगावं लागत नाही.

असा प्रयोग कुणी आखला आहे का?

युरोपीय अंतराळ संस्थेनं आखला होता. फिलिप नावाचा तो अभ्यास इटलीची लिओनार्डो कंपनी आणि रुमानियाच्या एका संशोधन संस्थेनं केला आणि २०२० मध्ये युरोपीय संस्थेनं त्याची माहिती दिली. कल्पना अशी: लँडर डी गेरलाश आणि शॅकल्टन या विवरांच्या मधल्या उन्हाच्या जागी उतरेल. त्यावरचा ५०० वॅटचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) लेझर २५० किलोच्या रोव्हरवर रोखलेला राहील, अगदी १५ किलोमीटरपर्यंत. रोव्हरचा उतरण्याचा मार्गही शोधून ठेवला होता: उतार दहा अंशांच्या आसपास आणि लँडर सतत नजरेसमोर.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रोव्हरकडून परत जाणारा उजेड. रोव्हरवर एक खास परावर्तक असतो, जो आलेला प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवतो. तो प्रकाश कमी-जास्त करून त्यातच संदेश गुंफता येतो. म्हणजे ज्या झोतानं वीज दिली तोच झोत निरोप घेऊन परत येतो.

मायक्रोवेव्ह का नको? त्यांचा अनुभव तर जुना आहे.

खरं आहे. विल्यम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मायक्रोवेव्हच्या विजेवर छोटं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं होतं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे २६ मीटर व्यासाच्या तबकडीतून सुमारे दीड किलोमीटरवर मायक्रोवेव्ह पाठवून ३० किलोवॅटहून जास्त वीज मिळवली. धुळीचाही त्यांना लेझरइतका त्रास नाही.

अडचण झोत पसरण्याची आहे. कोणताही झोत लांब गेला की पसरतो, आणि लहर जितकी लांब तितका जास्त पसरतो. ठिपक्याचा व्यास काढायला लहरलांबी गुणिले अंतर, भागिले तबकडीचा व्यास, आणि आलेल्या उत्तराची साधारण अडीचपट करायची. मायक्रोवेव्हची लहर पाच सेंटिमीटर, तबकडी तीन मीटर, अंतर दहा किलोमीटर धरलं तर ठिपका चारशे मीटर रुंद होतो. रोव्हर त्यातला कणभरच भाग झेलणार, बाकीचा मातीत. लेझरची लहर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि आरसा फक्त तीस सेंटिमीटरचा धरला, तर त्याच दहा किलोमीटरवर झोत आरशाच्या आकाराहून फारसा मोठा होत नाही. लहर पन्नास हजारपट आखूड असल्याचा हा फायदा.

आणखी एक बाब: चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीचा रेडिओ गोंगाट पोचत नाही, आणि रेडिओ खगोलशास्त्रासाठी ती शांतता आंतरराष्ट्रीय नियमांनी राखलेली आहे. तिथे किलोवॅटच्या मायक्रोवेव्ह सोडणं मला तरी पटत नाही.

दहा किलोमीटरवरच्या चालत्या गाडीवर नेम कसा राहणार?

माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. हातात लेझर पॉइंटर धरून लांब भिंतीवर ठिपका स्थिर ठेवायचा प्रयत्न केलात की कळेल. मनगट एक अंश हललं तर दहा किलोमीटरवर ठिपका पावणेदोनशे मीटर सरकेल. रोव्हरवरची झोत झेलणारी पट्टी मात्र अर्ध्या मीटरची. म्हणजे नेम एका अंशाच्या साडेतीनशेव्या भागाइतका अचूक हवा, तोही गाडी दगडावरून डुलत जात असताना.

उपाय अंधारात चाचपडण्याचा नाही, कारण गाडी स्वतःच खूण करते. पट्टीच्या कडांना बसवलेले प्रकाशमापक झोत कोणत्या बाजूला सरकतोय ते सांगतात. परावर्तकाचा उजेड लँडरला गाडीची जागा दाखवत राहतो. हा परावर्तक म्हणजे एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन आरसे. त्यावर कुठूनही प्रकाश टाका, तो आल्या दिशेलाच परततो. विक्रमवर नासानं दिलेला असा एक छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ ला, विक्रम झोपून तीन महिने झाले असताना, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानानं शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर टाकला आणि परतलेला उजेड टिपला. त्या परावर्तकाला वीज लागत नाही, म्हणून रात्रीनं त्याचं काही बिघडवलेलं नाही.

यात किती वीज वाया जाते?

भरपूर. साधा हिशेब मांडतो. चांगला लेझर मिळालेल्या विजेपैकी निम्म्याचा प्रकाश करतो. आरसे आणि भिंगं त्यातला दहावा भाग खातात. नेम आणि पसरण्यात आणखी पाचवा भाग गेला असं धरू. पट्टी निम्म्या प्रकाशाची वीज करते, पुढच्या सर्किटात दहावा भाग जातो. सगळं गुणलं की शंभरातले सोळा उरतात. म्हणजे ५०० वॅटच्या झोतातून रोव्हरला १६० वॅटच्या आसपास, आणि त्यासाठी वर काठावर एक किलोवॅट वीज हवी. सूर्य तिथे दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट देतो. तीस टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल धरलं तर अडीच चौरस मीटरमध्ये भागतं. मोठ्या पलंगाएवढी जागा नाही ती. काठावर ऊन फुकट आहे, म्हणून हा तोटा मला परवडणारा वाटतो.

पट्टीची बाजू सुधारतेही आहे. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं २०२१ मध्ये एकाच रंगाच्या लेझरप्रकाशावर ६८.९ टक्के कार्यक्षमता मिळवली. सूर्यप्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. इथे रंग एकच असल्यामुळे पट्टी नेमकी त्याच्याच मापाची शिवता येते.

आणि वाया जाणारी उष्णता खाली अंधारात वाया जातच नाही. उणे दोनशे अंशांत उभ्या असलेल्या गाडीला पट्टीची धग हवीच असते. वर लेझरपाशी मात्र ती डोकेदुखी आहे. हवा नाही म्हणून पंखा लावता येत नाही, सगळी उष्णता मोठ्या पत्र्यांवरून अवकाशात किरणांनी फेकावी लागते.

गाडी जळणार नाही का? आणि माणसं तिथे असली तर?

गाडी जळणार नाही. ५०० वॅट अर्ध्या मीटरच्या चौकोनावर पसरले तर चौरस मीटरला २००० वॅट होतात, म्हणजे तिथल्या उन्हाच्या दीडपट. डोळ्यांचा प्रश्न गंभीर आहे. अवरक्त लेझर दिसत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. चंद्रावर झोताची रेषाही दिसणार नाही, कारण ती दाखवायला हवेतली धूळ नाही. त्यामुळे झोताला जरा अडथळा आला की लेझर आपोआप बंद व्हायला हवा. माणसं आसपास असताना याहून मोठा नियम नाही.

बर्फाबद्दलही काळजी आहे. नेम चुकून झोत विवराच्या तळावर रेंगाळला, तर जे पाहायला आलो तेच तापून उडून जाईल.

अणुऊर्जेची डबी बसवली की प्रश्न सुटत नाही का?

रात्र काढण्यापुरता सुटतो. लुनोखोद-१ नं १९७०-७१ मध्ये पोलोनियम या किरणोत्सारी धातूच्या उबेवर चांद्ररात्री काढल्या, चीनचा युतू-२ रोव्हर सुद्धा २०१९ पासून किरणोत्सारी उबेच्या आधारानं झोपला आणि उठला. पण असे पदार्थ दुर्मिळ आणि महाग आहेत. आणि बर्फ शोधायला निघालेल्या गाडीच्या पोटात सतत तापलेला निखारा असेल, तर नमुना हातात येईपर्यंत टिकेल का, हा फिलिपच्या अभ्यासातलाही आक्षेप होता.

साधी तार का नाही टाकत?

टाकतील. लेझरची खरी स्पर्धा तारेशीच आहे हे मोकळेपणानं सांगायला हवं. चंद्राची कोरडी माती वीज वाहू देत नाही, त्यामुळे तार जमिनीवर तशीच पसरता येते. नासाच्या ‘वॉट्स ऑन द मून’ स्पर्धेत २०२४ मध्ये सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघानं दहा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळवलं, ते हलक्या तारांवर. जागेवरून न हलणाऱ्या यंत्राला तारच बरी. फिरत्या गाडीमागे मात्र तार दगडांत अडकते, आणि विवरात उतरून वळणं घेत परत यायचं असेल तर जास्तच.

उपग्रहावरून लेझर टाकला तर?

कल्पनेत दम आहे, कंपन्या त्यावर काम करत आहेत. पण शंभर किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे दोन तासांत प्रदक्षिणा करतो आणि एका जागेवरून क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम बारा मिनिटं दिसतो. सतत वीज हवी तर उपग्रहांची माळच लागेल.

आतापर्यंत प्रत्यक्ष काय झालं आहे?

चंद्रावर एकाही गाडीला दुरून वीज पाठवण्याचा प्रयोग झालेला नाही. पृथ्वीवर झाले आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर लेझरनं ८०० वॅटहून जास्त वीज तीस सेकंद पोचवली, तीही जमिनीलगतच्या दाट हवेतून. चंद्रावर हवेचा अडथळा नाही, धुळीचा आहे. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट लँडरवर विद्युतक्षेत्रानं काचेवरची धूळ झटकणारं नासाचं उपकरण चंद्रावर चाललं. लेझरच्या आरशांसाठी ती बातमी माझ्या लेखी फार मोठी आहे.

भारत यात कुठे आहे?

इस्रो आणि जपानची अंतराळ संस्था जाक्सा मिळून चांद्रयान-५, म्हणजेच ल्यूपेक्स, दक्षिण ध्रुवाकडे नेणार आहेत. मार्च २०२५ मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं. लँडर आपला, साडेतीनशे किलोच्या आसपासचा रोव्हर जपानचा, आणि काम पाणी शोधण्याचं. तो सौरऊर्जेवर चालणार आहे. त्यानंतरच्या कुठल्या तरी मोहिमेत लँडरवर एक छोटा लेझर आणि रोव्हरवर तळहाताएवढी पट्टी बसवावी, पाच-दहा वॅट शंभर मीटरवर पाठवून बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

मुलांना घरी करून बघता येईल असं काही आहे का?

आहे, आणि लेझरशिवाय. मोबाइलचा बिनतारी चार्जर घ्या. फोन आणि चार्जर यांच्यामध्ये एकेक पोस्टकार्ड सरकवत जा आणि कितव्या कार्डाला चार्जिंग थांबतं ते लिहून ठेवा. फोन जरा बाजूला सरकवून तेच पुन्हा करा. मग कार्डं काढा, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पांढऱ्या रांगोळीचा थर पसरून ती मधे ठेवा. ही आपली चांद्रधूळ. शेवटी तीच पिशवी बॅटरी नसलेल्या, फक्त उजेडावर चालणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या काळ्या पट्टीवर ठेवा. रांगोळीखाली फोन चार्ज होत राहतो आणि कॅल्क्युलेटरचे आकडे पुसट होत जातात.